आकाशातली पाहणी आणि आपली पीक पाहणी

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण. सादरकर्ते : कृषी विस्तार अधिकारी, गंगापूर रोड, नाशिक)



सप्टेंबर संपत आला आणि पाऊस उघडीप देऊन बसला की गावोगाव पारावर एकच विषय निघतो, 'यंदा आपला तालुका दुष्काळात बसणार का?' पूर्वी या प्रश्नाचं उत्तर पैसेवारीवर ठरायचं. समिती शिवारात फिरायची, पिकाचा अंदाज घ्यायची आणि पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरलं जायचं. पैसेवारी आजही निघते. पण दुष्काळ जाहीर करण्याची रीत आता बदलली आहे. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आणि महाराष्ट्राने ती २०१७ साली लागू केली. या संहितेत पावसाच्या मोजमापाबरोबर उपग्रहाने टिपलेली पिकाची हिरवाई आणि जमिनीतली ओल यांनाही जागा आहे.

म्हणजे आपल्या शिवाराची पाहणी आता आकाशातूनही होते. ही पाहणी कशी होते, तिला काय दिसतं, काय दिसत नाही, आणि तिच्यावरून सरकारचं धोरण कसं ठरतं, हे आज आपण पाहू. आपलं काम त्यात कुठे येतं तेही सांगतो, कारण शेवटी आपल्या कामाचं तेच आहे.

उपग्रहाला हिरवं कसं कळतं?

तुम्ही म्हणाल, शेकडो किलोमीटरवरून पीक काय दिसणार? दुरून डोंगर साजरेच दिसतात. शंका रास्त आहे. पण उपग्रहाचा कॅमेरा आपल्या डोळ्यासारखा नसतो. सूर्याच्या प्रकाशात आपल्याला दिसणारे रंग असतात, तसा न दिसणारा अवरक्त प्रकाशही असतो. निरोगी हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. पान सुकलं, पिवळं पडलं, रोगट झालं की हा हिशेब बिघडतो. तांबडा आणि अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांची तुलना करून एक आकडा काढतात. तो आकडा मोठा, तर पीक भरदार. लहान, तर पीक विरळ किंवा वाळत चाललेलं.

आपल्या देशात या विद्येची सुरुवातच मुळी शेतीपासून झाली. १९७०च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांना मुळांचा रोग लागला होता. तेव्हा प्रा. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेऊन रोगट झाडं ओळखली. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, कामाला लागला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. आपल्या राज्यातल्या तालुक्यांच्या हिरवाईचे नकाशे आज तिथे तयार होतात.

पाणी मात्र अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकतं, म्हणून अशा चित्रात पाणी काळंभोर दिसतं आणि त्याचा काठ स्पष्ट उमटतो. गंगापूर रोडने वर गेलं की आपलं गंगापूर धरण लागतं. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण. त्याची मूळ साठवण सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचत गेला आणि आज ती ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. धरणातला गाळ मोजण्यासाठी पूर्वी नावेतून दोऱ्या सोडून खोली मोजावी लागे. आता पाण्याची पातळी वेगवेगळी असताना उपग्रहाची चित्रं घेतात. त्याच पातळीला पूर्वी पाणी किती पसरत होतं आणि आज किती पसरतं, हे ताडून पाहिलं की गाळाने किती जागा खाल्ली ते कळतं. अशा मोजणीचा उपयोग गाळ कुठून आणि किती काढायचा हे ठरवायला होतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. त्यातला गाळ हलक्या रानात टाकून ज्यांनी पीक घेतलं, त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

एक ठिपका म्हणजे किती गुंठे?

आता या पाहणीची मर्यादा पाहू. उपग्रहाचं चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं. एका ठिपक्यात जे काही असेल त्या सगळ्याची मिळून एकच सरासरी नोंद होते. काही उपग्रहांचा ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो, म्हणजे साधारण एक गुंठा. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. त्याच उपग्रहाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा छप्पन्न मीटरचा, म्हणजे जवळजवळ पाऊण एकराचा. आणि साऱ्या देशाची हिरवाई वरचेवर पाहण्यासाठी जे उपग्रह वापरतात, त्यातल्या काहींचा ठिपका अडीचशे मीटरचा असतो. त्यात पंधरा एकरांहून जास्त रान बसतं.

पंधरा एकरांत आपल्याकडे काय काय असतं ते आठवा. कुणाची बाजरी, कुणाचा मका, एखादी द्राक्षबाग, मधून गेलेला नाला, नाल्याकाठच्या बाभळी, बांधावरचं गवत. बाजरी करपली आणि बाभळी, गवत हिरवं राहिलं, तर ठिपका हिरवट दिसू शकतो. मोठ्या ओढीनंतर एखादी सर आली की तण भराभर उठतं, आणि मेलेल्या पिकातलं तण वरून पिकासारखंच हिरवं दिसतं. शिवाय खरिपात महिना महिना ढग हटत नाहीत, आणि साध्या कॅमेऱ्याला ढगाच्या खालचं दिसत नाही.

यावर उपाय म्हणून रडारचे उपग्रह आले. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात, रात्रीही काम करतात. भारताने २०१२ साली रिसॅट-१ आणि २०२२ साली ईओएस-०४ हे असे उपग्रह सोडले. ३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनवलेला 'निसार' उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. तो दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहतो. जमिनीतली ओल, पाणी साचलेली रानं, खचणारे डोंगर यांची नोंद घेणं हे त्याचं काम. यंत्रं सुधारत चालली आहेत. पण तुमच्या गटात मका आहे की तण, हे खात्रीने सांगायला आजही माणूसच शेतात जावा लागतो.

समुद्राकडे का पाहायचं?

पाऊस आपल्या रानात पडतो, पण त्याची तयारी समुद्रावर होते. २०२३चा ऑगस्ट आठवून पाहा. साऱ्या देशात १९०१ सालापासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा छत्तीस टक्के पाऊस कमी झाला. त्या वर्षी दूर प्रशांत महासागराच्या मधल्या पट्ट्यातलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं. यालाच 'एल निनो' म्हणतात. असं झालं की पुष्कळदा आपला मोसमी पाऊस ओढ देतो. दर एल निनोच्या वर्षी दुष्काळ पडतोच असं नाही, पण धोका वाढतो. हजारो किलोमीटर दूरच्या त्या पाण्याचं तापमान उपग्रह रोज टिपतात, समुद्रात सोडलेले तरंगते बोये खालच्या पाण्याची गरमी मोजतात, आणि त्यावरून पावसाळ्याआधीच सरकारला सावध होता येतं. त्यामुळे चारा, बियाणं, पिण्याचं पाणी यांचं नियोजन वेळेवर करता येतं.

आपल्या जवळचा अरबी समुद्रही तापत चालला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या काळातल्या नोंदी तपासल्या. १९८२ ते २००० या वर्षांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे निम्म्याने वाढल्याचं त्यांना आढळलं. द्राक्षवाल्यांना हे आकडे सांगायची गरज नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळ आलं, २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं पाठोपाठ आली, आणि छाटणी झालेल्या बागांत अवेळी पाण्याने काय केलं ते निफाड-दिंडोरीपासून गिरणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं आहे. वादळ समुद्रात असतानाच दिसावं यासाठी इन्सॅट मालिकेतले उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत आपल्याकडे पाहत असतात. त्यातला नवा, इन्सॅट-३डीएस, १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडला गेला. समुद्राचा रंग, तापमान आणि वारा मोजणारा ओशनसॅट मालिकेतला नवा उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेला.

या पाहणीचं धोरण कसं होतं?

आता पुन्हा आपल्या दुष्काळाच्या प्रश्नाकडे येऊ. नव्या संहितेत तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी पावसाची. तालुक्यात पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी पडला किंवा सलग तीन-चार आठवडे मोठी ओढ बसली, तर तालुका तपासणीत येतो.

दुसरी पायरी परिणामांची. पेरणी किती क्षेत्रावर झाली, उपग्रहाला हिरवाई किती दिसते, जमिनीत ओल किती, धरणांत आणि विहिरींत पाणी किती, हे पाहतात.

तिसरी पायरी प्रत्यक्ष शेताची. तपासणीत आलेल्या तालुक्यातली दहा टक्के गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात आणि तिथल्या मुख्य पिकांच्या शेतांत जाऊन पाहणी करतात. पिकाचं नुकसान तेहेतीस ते पन्नास टक्के दिसलं तर दुष्काळ मध्यम, पन्नासच्या वर दिसलं तर गंभीर.

या रीतीने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात आपल्या जिल्ह्यातले सिन्नर, मालेगाव, नांदगाव, बागलाण हे तालुके होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुके जाहीर झाले, त्यात आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. तालुका बसला की जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहेतीस टक्के सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत ढील, गरज तिथे टँकर, अशा सवलती लागू होतात. म्हणजे आकाशातल्या त्या ठिपक्यांचा संबंध थेट आपल्या घरातल्या पैशाशी येतो.

२०२३ साली आणखी एक गोष्ट घडली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चाळीस तालुक्यांच्या यादीत न बसलेल्या कितीतरी गावांतही पीक हातचं गेलं होतं. लोकांनी ओरड केली. मग नोव्हेंबरमध्ये सरकारने महसूल मंडळांच्या पातळीवर पावसाची नोंद तपासली. जिथे पाऊस सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून कमी आणि एकूण साडेसातशे मिलिमीटरच्या आत होता, अशा हजारावर मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि सवलती मिळाल्या. यावरून दोन गोष्टी कळतात. तालुका ही फार मोठी चादर आहे, तिच्याखाली एका कोपऱ्यातला दुष्काळ झाकला जातो. आणि जमिनीवरची नोंद नीट असेल तर ती दाखवून निर्णय सुधारून घेता येतो. 

पीक विम्यातही हेच वारं आहे. २०२३च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भात आणि गहू यांचं उत्पन्न ठरवताना किमान तीस टक्के भार उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाला दिला गेला. उरलेला भार पीक कापणी प्रयोगावर.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर साऱ्या जगात चालू आहे. २०१५ साली पॅरिसला देशांनी तापमानवाढ रोखण्याचा करार केला. कोण किती करतो याचा पहिला आढावा २०२३ साली दुबईला झाला. समुद्राची पातळी १९९३ पासून सुमारे दहा सेंटिमीटर वाढली, हे उपग्रहांच्या मोजणीतून जगाला कळलं. आपल्या देशानेही वृक्षांच्या रूपाने २०३० पर्यंत अडीचशे ते तीनशे कोटी टन कार्बन वायू जादा साठवण्याचं वचन दिलं आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ सालापासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून वनांचा अहवाल काढते, आणि त्यात जंगलाबाहेरची झाडंही मोजते. तुमच्या बांधावरचा आंबा आणि चिंच देशाच्या त्या हिशेबात धरलेले आहेत.

आपण काय करावं?

मंडळी, शितावरून भाताची परीक्षा करायची, तर ते शीत नीट शिजलेल्या भातातलंच हवं. उपग्रहाच्या नकाशाची परीक्षा तुमच्या शेतावरून होते. तेव्हा पुढच्या गोष्टी मनावर घ्या.

एक. ई-पीक पाहणी मुदतीत करा आणि खरी करा. ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. मोबाईल घेऊन शेतात उभं राहा, जे पीक आहे तेच आणि जेवढं क्षेत्र आहे तेवढंच भरा, फोटो घ्या. आंतरपीक असेल तर तेही नोंदवा. गेल्या साली मका होता म्हणून यंदाही मकाच, असं भरू नका. शेतात कांदा आणि उताऱ्यावर मका असला, तर नुकसान झाल्यावर उपग्रहाची नोंद, पंचनामा आणि सातबारा यांचा मेळ बसत नाही, आणि अडतो तो आपलाच कागद. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांना घरातल्या शिकत्या मुला-मुलींनी मदत करावी. जमीन घरातल्या बाईच्या नावावर असेल तर तिच्या गटाचीही पाहणी विसरू नका.

दोन. पीक कापणी प्रयोग आणि दुष्काळाची पाहणी गावात होणार असेल तेव्हा हजर राहा. प्लॉट ठरलेल्या पद्धतीनेच निवडला जातो ना, मोजमाप आणि वजन नीट होतं ना, ते पाहा. चांगलं पीक दाखवून गावाची शान वाढवू नका आणि वाईटच तेवढं दाखवून खोटंही करू नका. आहे ते दाखवा.

तीन. पावसाची नोंद ठेवा. आपल्या मंडळाचा पर्जन्यमापक किंवा हवामान केंद्र कुठे आहे ते माहीत करून घ्या. त्याच्यावर झाडाची फांदी आली असेल, शेजारी भिंत उठली असेल किंवा यंत्र बंद दिसलं, तर ग्रामपंचायतीतून तहसील कार्यालयाला लेखी कळवा. गावातल्या एखाद्या होतकरू माणसाने साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहिला, तर सरकारी नोंद चुकल्याची शंका आली असता बोलायला आधार राहतो.

चार. नुकसान झालं तर वाट पाहू नका. गारपीट, अवेळी पाऊस झाला की त्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो घ्या आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि आपले सहायक कृषी अधिकारी यांना लेखी कळवा. पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. सरकारी मदतीसाठी तेहेतीस टक्के किंवा अधिक नुकसान ही अट आहे, आणि ते दिसलं तरच लिहिता येतं. तण उठून पुन्हा हिरवं दिसायला लागलं, की वरूनही कळत नाही आणि खालूनही.

पाच. हवामानाचा सल्ला ऐका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो. द्राक्षाची फवारणी, कांद्याची काढणी, मळणी या कामांचा दिवस त्यावरून ठरवा. समुद्रात वादळ असल्याचं कळलं तर काढलेला माल उघड्यावर ठेवू नका. अडचण आली तर गंगापूर धरणाजवळ मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा.

बंधूंनो आणि भगिनींनो, आकाशातून होणाऱ्या पाहणीला ना कुणाचा राग, ना कुणाचा लोभ. पण तिला तुमच्या शिवाराची नावं माहीत नाहीत, बांध माहीत नाहीत, यंदा दुबार पेरणी करावी लागली हेही माहीत नाही. ते सांगणं आपल्या हातात आहे, आणि ते लेखी, वेळेवर आणि खरं सांगितलं पाहिजे. या आठवड्यात एवढं करा. आपल्या गटाची ई-पीक पाहणी झाली आहे का ते मोबाईलवर किंवा तलाठी कार्यालयात तपासा, आणि शेजाऱ्यालाही तपासायला सांगा.

नमस्कार.